‘माझ्याकडे तर चालत होतं!’

डेमोच्या आदल्या रात्री प्रोजेक्ट अचानक रुसतो. कुणी काही बदललेलं नसतं, तरी सगळं मोडतं. मग ‘तूच केलंस’, ‘मी नाही केलं’ सुरू होतं. पण चूक नेमकी कुणाची असते? की एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन एका खोलीत कोंबली की हे होणारच असतं?

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. आमच्यातल्या एकाच्या घरी हॉलमध्ये सतरंजी टाकून आम्ही चौघं बसलो होतो. काकूंनी दोनदा चहा करून दिला, मग ‘जागा, पण आवाज करू नका रे’ म्हणत त्या झोपायला गेल्या. सकाळी दहाला फायनल इयरच्या प्रोजेक्टचा डेमो. एक्स्टर्नल येणार. रिपोर्टच्या काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरं छापून बाइंडिंगही होऊन आलं होतं. झोपण्याआधी शेवटचं एकदा रन करून बघू म्हणून एंटर दाबलं आणि स्क्रीनवर लाल अक्षरांची माळच लागली.

प्रोजेक्ट साधा होता. पिकाच्या पानाचा फोटो द्यायचा, रोग कोणता ते प्रोग्रॅम सांगणार. आणि वेगवेगळ्या गावांतून आलेल्या फोटोंवरून कुठे काय पसरतंय त्याचे ग्राफ दिसणार. फोटो ओळखणारं मॉडेल एका मैत्रिणीने केलेलं. ग्राफचा डॅशबोर्ड एका मित्राचा. ज्याचं घर, त्याचाच लॅपटॉप सगळ्यात दणकट, म्हणून डेमो त्याच्यावर. रिपोर्ट आणि पीपीटी माझ्या गळ्यात.

रविवारी मॉडेल मस्त चाललं होतं. आता ते सुरूच होईना. एररचा अर्थ एवढाच, की नमपायच्या १ क्रमांकाच्या व्हर्जनवर तयार झालेला भाग २ क्रमांकाच्या व्हर्जनवर चालू शकत नाही.

‘मी काहीच बदललं नाहीये,’ मैत्रीण म्हणाली.

‘मग काय मी बदललं? तुझ्या फाइलला मी हातसुद्धा लावलेला नाही.’

‘माझ्याकडे तर चालत होतं!’

‘माझा डॅशबोर्ड आत्ताही चालतोय!’

अडीच वाजेपर्यंत गाडी कोडवरून ‘सेमभर तू केलंस काय’ इथवर आली. चार वर्षं एका बाकावर बसलेले दोघं एकमेकांकडे बघेनात. आणि गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत होते. कुणीच कुणाच्या कोडला हात लावला नव्हता. बदललं होतं ते दोघांच्या कोडच्या खालचं काहीतरी, जे दोघांनीही लिहिलेलं नव्हतं.

आपलं किती, उसनं किती?

‘हा प्रोग्रॅम मी लिहिला’ असं आपण छातीठोक सांगतो. खरं तर त्यातल्या आपल्या ओळी मोजक्याच असतात. बाकी सगळं उसनं. आकड्यांच्या तक्त्यांवर गणितं करायला नमपाय, ग्राफ काढायला दुसरी लायब्ररी, फोटो वाचायला तिसरी. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून, तपासून ठेवलेला कोड. आपण तो फक्त बोलावून घ्यायचा. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. भाकरी करायची म्हणून कुणी आधी ज्वारी पेरायला जात नाही.

पण या उसनवारीत एक मेख आहे. आपण ज्या लायब्ररी वापरतो त्यांनीही पुन्हा दुसऱ्यांकडून उसनं घेतलेलं असतं. आमच्या मैत्रिणीच्या मॉडेलची लायब्ररी नमपायवर उभी होती. मित्राच्या डॅशबोर्डची लायब्ररीही नमपायवरच उभी होती. नमपाय त्या दोघांपैकी कुणीच स्वतःहून मागवलं नव्हतं. ते बाकीच्यांच्या मागे मागे आलं होतं. वर दोन वेगळ्या इमारती, खाली पाया एकच, अशी गत.

आता मॉडेलच्या लायब्ररीला हवं होतं जुनं नमपाय, म्हणजे २ च्या आतलं. आणि डॅशबोर्डची लायब्ररी नवीन, तिला हवं होतं २ किंवा त्याच्या पुढचं. दोन्ही अटी एकाच वेळी पाळेल असं व्हर्जन जगात नाही. मित्राने सोमवारी डेमोच्या लॅपटॉपवर आपली लायब्ररी इन्स्टॉल केली. पिप या इन्स्टॉलरने मुकाट्याने जुनं नमपाय काढलं, नवं बसवलं. तसं मुकाट्याने नाही म्हणता येणार. ‘याचं त्याच्याशी जुळत नाही’ असं त्याने लाल अक्षरांत सांगितलं होतं. पण त्याच्या खाली ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ अशी शेवटची ओळ आली. मित्राने तेवढीच वाचली.

खरं सांगा, तुम्ही शेवटच्या ओळीच्या वरचं काही वाचता?

जुना पॅटर्न, नवा पॅटर्न

ज्यांचा कोडिंगशी संबंध नाही त्यांनाही हा घोळ लगेच कळेल. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात इंजिनीअरिंग केलेल्यांना तर नक्कीच. तिथे २०१५ पॅटर्न आहे, २०१९ पॅटर्न आहे. विषयाचं नाव कधी कधी तेच, पण युनिट वेगळे, पेपर वेगळा. ज्याचा बॅकलॉग जुन्या पॅटर्नचा आहे त्याच्या हातात नव्या पॅटर्नचा पेपर दिला तर तो काय लिहिणार? तो ढ आहे म्हणून नापास होत नाही. पेपरच त्याचा नाही.

लायब्ररीचं व्हर्जन म्हणजे तिचा पॅटर्न. नाव नमपायच, पण १ चा पॅटर्न वेगळा आणि २ चा वेगळा.

मग प्रश्न येतो, पॅटर्न बदलतातच कशाला? चालतंय ते चालू द्यावं ना! आम्हीही त्या रात्री नमपाय लिहिणाऱ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. नंतर वाचलं तेव्हा जरा ओशाळल्यासारखं झालं.

नमपायचं १.० व्हर्जन आलं २००६ मध्ये. २.० आलं जून २०२४ मध्ये. म्हणजे जवळपास अठरा वर्षं त्यांनी पहिला आकडा बदलला नव्हता. एवढ्या वर्षांत जुन्या चुका साचत जातात. एकच उदाहरण घ्या. विंडोजवर नमपायचा साधा पूर्णांक ३२ बिटांचा असायचा, लिनक्सवर आणि मॅकवर ६४ बिटांचा. ३२ बिटांत साधारण २१४ कोटींपर्यंतचा आकडा मावतो. त्याच्या पुढे तक्त्यातलं गणित गेलं की विंडोजवर उत्तर चुकायचं, कधी चक्क उणे यायचं. तोच कोड मित्राच्या लिनक्सवर बरोबर उत्तर द्यायचा. ‘माझ्याकडे चालतं, तुझ्याकडे का नाही’ या भांडणाचं हे मूळच! २.० मध्ये त्यांनी ६४ बिटांच्या विंडोजवरही ६४ बिटांचा पूर्णांक केला. आतली मांडणीही बदलली, त्यामुळे जुन्या मांडणीवर कंपाइल झालेल्या लायब्ररी नव्यावर चालेनात.

म्हणजे बदल करणाऱ्यांचं चूक नव्हतं. जुन्यावर उभं असणाऱ्यांचंही चूक नव्हतं. दोघांची गाठ एका लॅपटॉपवर पडली, एवढंच.

‘मराठी’त अक्षरं किती?

याच्याहून मोठा पॅटर्न बदल पायथॉन भाषेतच झाला होता. डिसेंबर २००८ मध्ये पायथॉन ३ आलं आणि त्यात मुद्दाम, जाणूनबुजून, काही जुन्या गोष्टी मोडल्या होत्या. पायथॉन २ मध्ये ५ भागिले २ केलं की उत्तर यायचं २. पायथॉन ३ मध्ये २.५ येतं. प्रिंट लिहायची पद्धत बदलली. कोपऱ्यातल्या सायबर कॅफेत मिळालेल्या जुन्या नोट्समधला प्रोग्रॅम जसाच्या तसा टाकला आणि पहिल्याच प्रिंटला एरर आली, असं अनेकांचं झालंय.

पण सगळ्यात मोठा बदल आपल्या जिव्हाळ्याचा होता. पायथॉन २ मध्ये साध्या अवतरणात ‘मराठी’ हा शब्द लिहून त्याची लांबी विचारली, आणि फाइल नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीची असली, तर उत्तर यायचं १५. कारण ते अक्षरं नाही, बाइट मोजायचं आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पायथॉन ३ मध्ये उत्तर येतं ५. म, र, काना, ठ आणि वेलांटी. इंग्रजी लिहिणाऱ्याला हा फरक जाणवायचाच नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. जाणवायचा तो आपल्याला, चिनी लोकांना, अरबी लिहिणाऱ्यांना. जगातल्या सगळ्या लिप्यांना पायथॉनमध्ये सरळ वागणूक मिळावी यासाठी जुना कोड मोडावा लागला.

त्याची किंमत मोठी होती. पायथॉन २ चा आधार आधी २०१५ मध्ये बंद होणार होता. पण जगभरातला एवढा कोड त्यावर उभा होता, की मुदत वाढवून १ जानेवारी २०२० करावी लागली. म्हणजे नवं व्हर्जन आल्यावरही अकरा वर्षं दोन पॅटर्न शेजारी शेजारी नांदत होते. तेवढ्या काळात अनेक लिनक्स कॉम्प्युटरवर दोन्ही पायथॉन असायची. जुन्याला हाक मारायची तर वेगळी कमांड, नव्याला वेगळी.

विद्यापीठही तेच करतं, नाही का? नवा पॅटर्न आला म्हणून जुन्या मुलांना रातोरात नव्यात ढकलत नाही. काही वर्षं दोन्ही पेपर काढतं, दोन्हींचे हॉल वेगळे ठेवतं. हे लक्षात ठेवा. आमच्या रात्रीचं उत्तर इथेच होतं.

तीन आकड्यांचा शब्द

व्हर्जनचे आकडे आपण कधी नीट बघत नाही. १.२६.४ म्हणजे काहीतरी असेल! पण त्या तीन आकड्यांत लिहिणाऱ्याने आपल्याला दिलेला शब्द असतो. या पद्धतीला सिमँटिक व्हर्जनिंग म्हणतात. तिचे नियम लिहून काढले गिटहबचा एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर याने. नियम सोपे आहेत.

शेवटचा आकडा बदलला तर फक्त चुका दुरुस्त केल्यात, बिनधास्त घ्या. मधला बदलला तर नवीन सोयी आल्यात, पण जुनं मोडलेलं नाही. पहिला बदलला तर सावधान, जुन्या पद्धतीने लिहिलेलं मोडू शकतं. आणि पहिला आकडा शून्य असेल तर अजून काहीच पक्कं नाही, आज आहे ते उद्या असेलच असं नाही.

हा शब्द सगळेच तंतोतंत पाळतात असं समजू नका. काही लायब्ररी मधल्या आकड्यालाही जुन्या गोष्टी काढतात, फक्त आधी इशारा देतात. नमपायमध्ये दशांश संख्येसाठी एक जुनं टोपणनाव होतं. ते जाणार आहे असं १.२० पासून स्क्रीनवर यायचं. डिसेंबर २०२२ मध्ये १.२४ आलं आणि ते खरोखर गेलं. त्याच्या आधीचे कितीतरी व्हिडिओ आणि ट्युटोरियल अजूनही तेच नाव शिकवतात. आपण बघून बघून टाइप करतो, एरर येते आणि वाटतं आपल्यालाच येत नाही. येतं हो! व्हिडिओचा पॅटर्न जुना आहे, इतकंच. म्हणून ट्युटोरियल लावण्याआधी तारीख बघा आणि कोणतं व्हर्जन वापरलंय ते बघा.

सी-सॉ आणि एक फोन

आता परत आमच्या हॉलमध्ये. तीन वाजले होते. आम्ही नवं नमपाय काढून जुनं टाकलं. मॉडेल चालू झालं, डॅशबोर्ड बंद पडला. नवं टाकलं, डॅशबोर्ड आला, मॉडेल गेलं. बागेतल्या सी-सॉसारखं. एक वर, एक खाली. दोन्ही एकदम वर येईनात.

शेवटी धीर करून आम्ही दोन वर्षं पुढच्या बॅचच्या एका दादाला फोन लावला. तो नाइट शिफ्टला होता, म्हणून उचलला तरी. त्याने सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, ‘व्हेन्व्ह केलंय का?’

आमच्याकडे शांतता.

‘म्हणजे सगळं थेट लॅपटॉपच्या पायथॉनमध्ये टाकलंय. छान. भांडू नका, दोघांना दोन खोल्या द्या.’

व्हेन्व्ह म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट. नावाने घाबरायचं कारण नाही. तो एक फोल्डर असतो. त्या फोल्डरमध्ये त्या कामापुरत्या लायब्ररी बसवायच्या. एका फोल्डरमध्ये जुनं नमपाय, दुसऱ्यात नवं. दोघांना एकमेकांचा पत्ताच नाही. ही सोय पायथॉन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून पायथॉनसोबतच येते. वेगळे पैसे नाहीत, एका ओळीची कमांड. आम्ही चार वर्षांत ती एकदाही वापरली नव्हती, कारण लॅबमध्ये सगळं आधीच टाकलेलं असायचं.

पण एका चालू प्रोग्रॅममध्ये नमपायचं एकच व्हर्जन येऊ शकतं. मग मॉडेल आणि डॅशबोर्ड एकमेकांशी बोलणार कसे? दादाने तेही सोपं करून टाकलं. ‘मॉडेलला आपल्या खोलीत चालू दे. रिझल्ट एका सीएसव्ही फाइलमध्ये लिहू दे. डॅशबोर्ड आपल्या खोलीत बसून ती फाइल वाचेल. दोन भाडेकरू आहेत असं समजा, दाराखालून चिठ्ठी सरकवायची.’

सगळ्याच भाषांत असं नसतं बरं का. जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये प्रत्येक लायब्ररीला आपल्या पोटात हवं ते व्हर्जन ठेवता येतं, म्हणून एकाच प्रोजेक्टमध्ये एका लायब्ररीची दोन व्हर्जन सुखाने राहू शकतात. त्याची किंमत म्हणजे तो फोल्डर फुगून टम्म होतो. आणि विंडोजच्या जुन्या दिवसांत तर खोल्याच नव्हत्या. नव्वदच्या दशकात एक प्रोग्रॅम टाकला की तो सामायिक डीएलएल फाइल आपल्या व्हर्जनने बदलून टाकायचा आणि दुसराच प्रोग्रॅम बंद पडायचा. लोक त्याला ‘डीएलएल हेल’ म्हणायचे. म्हणजे डीएलएलचा नरक! आपल्या त्या रात्रीला तीस वर्षांची परंपरा आहे.

कोणतं व्हर्जन होतं?

खोल्या झाल्या. मग दादाने दुसरा प्रश्न विचारला आणि आमची खरी वाट लागली. ‘रविवारी चालत होतं तेव्हा कोणतं व्हर्जन होतं?’

कुणालाच माहीत नव्हतं. सतरा-अठरा लायब्ररी होत्या. एकीचंही व्हर्जन कुणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. ऐंशी पानांचा रिपोर्ट मी लिहिला होता. त्यात पिकांचा इतिहास होता, आभारप्रदर्शन दीड पानाचं होतं. पण आमचा प्रोजेक्ट कशावर उभा आहे, ते एका ओळीत नव्हतं.

शेवटी सापडलं कुठे? व्हॉट्सअॅप ग्रुपवर. महिन्याभरापूर्वी मैत्रिणीने दुसऱ्याच कुठल्या तरी अडचणीसाठी एक स्क्रीनशॉट टाकला होता. त्यावर आम्ही तिघांनी फक्त हसणाऱ्या इमोजी टाकल्या होत्या. त्या स्क्रीनशॉटच्या वरच्या कोपऱ्यात तिच्या लायब्ररींची यादी अर्धवट दिसत होती. नमपाय १.२६.४. त्याच्या खाली मॉडेलच्या लायब्ररीचंही व्हर्जन. सेमभराची मेहनत त्या एका चुकून काढलेल्या स्क्रीनशॉटवर तरली होती.

घरचं वायफाय तेव्हाच गेलं. मग मित्राने आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट दिला आणि उरलेला सगळा डेटा मैत्रिणीच्या मॉडेलच्या लायब्ररी उतरवण्यात घालवला. दोघं अजून बोलत नव्हते. पण त्याने पासवर्ड विचारायच्या आधीच तिच्यासमोर फोन धरला होता. साडेचारला दोन्ही खोल्यांत दिवे लागले.

ही यादी बनवायला खरं तर एक मिनिट लागतं. ‘पिप फ्रीज’ ही कमांड दिली की त्या खोलीत जे जे आहे त्याची व्हर्जनसकट यादी मिळते. ती एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायची, कोडसोबतच गिटवर टाकायची. मग कुणीही, कुठेही, त्या यादीवरून तशीच खोली उभी करू शकतं. कंपन्यांमध्ये याच्या पुढची लॉक फाइल असते. त्यात आपण मागितलेल्याच नाही, तर मागे मागे आलेल्या प्रत्येक लायब्ररीचं अचूक व्हर्जन नोंदलेलं असतं. आपल्या आईच्या वाणसामानाच्या यादीत नुसतं ‘तेल’ नसतं. कुठल्या कंपनीचं, किती किलोचं, सगळं असतं. उगीच नाही.

कुलूप लावून विसरायचं का?

मग सगळं एकदा पक्कं करून कुलूप लावून टाकावं, कधी अपडेटच करू नये, असं वाटेल. आम्हालाही वाटलं. पण तेही अंगाशी येतं.

डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे या लायब्ररीत एक भयंकर भोक सापडलं. या लायब्ररीचं काम नोंदी लिहून ठेवणं, बस. पण एक विशिष्ट मजकूर तिच्या नोंदीत गेला, की बाहेरचा माणूस त्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकत होता. माइनक्राफ्ट गेमच्या चॅटमध्ये नुसता तसा मेसेज टाकूनही हे घडवता येत होतं. त्या एका महिन्यात दुरुस्तीची २.१५, २.१६, २.१७ अशी व्हर्जन एकामागोमाग आली. जगभर इंजिनीअर ख्रिसमसच्या सुट्ट्या सोडून बसले होते. आणि अनेकांचा पहिला प्रश्न ‘दुरुस्त कसं करू’ हा नव्हताच. ‘ही लायब्ररी आमच्याकडे आहे का? कुठे?’ हा होता. कारण ती त्यांनी मागवली नव्हती, दुसऱ्या कुणाच्या मागे मागे आली होती. अगदी आमच्या नमपायसारखी. ज्यांच्याकडे यादी होती त्यांनी शोधून बदललं. नव्हती त्यांनी रात्री जागवल्या.

आणि कधी कधी तर लायब्ररीच गायब होते. मार्च २०१६ मध्ये अझेर कोचुलू या प्रोग्रॅमरचं एका पॅकेजच्या नावावरून वाजलं आणि त्याने रागाने आपली अडीचशेहून अधिक पॅकेजेस एनपीएमवरून काढून टाकली. त्यात लेफ्ट-पॅड नावाचं एक होतं. उणीपुरी ११ ओळींची लायब्ररी. काम काय, तर शब्दाच्या डाव्या बाजूला हवी तेवढी मोकळी जागा भरायची. पण मोठमोठे प्रोजेक्ट मागे मागे तिच्यावर उभे होते. जगभर बिल्ड कोसळायला लागले. दोनेक तासांत एनपीएमने ती परत आणली आणि पुढे पॅकेज असं सहज काढता येऊ नये म्हणून नियमही बदलले.

सांगायचं काय, तर अपडेट करायचंच. पण डेमोच्या आदल्या रात्री नाही आणि चालू खोलीत तर नाहीच. नवी खोली घ्यायची, तिच्यात नवं व्हर्जन टाकायचं, सगळं चालतंय ना बघायचं, मग सामान हलवायचं. जुनी खोली तोवर तशीच.

एक्स्टर्नलचा प्रश्न

डेमो झाला. मॉडेलने करपा ओळखला, चिठ्ठी सरकली, डॅशबोर्डवर ग्राफ उमटला. आम्ही चौघांनी श्वास सोडला. एक्स्टर्नल सर रिपोर्ट चाळत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, ‘उद्या मला हे माझ्या मशीनवर चालवायचं असेल तर काय काय लागेल?’

आधीच्या रात्री हा प्रश्न आला असता तर आम्ही चौघंही गप्प राहिलो असतो. त्या सकाळी मैत्रीण म्हणाली, ‘सर, दोन एन्व्हायर्न्मेंट लागतील. का लागतील ते हा सांगेल.’ आणि तिने मित्राकडे बोट केलं. त्याने सांगितलं. अगदी लाल ओळ वाचली नव्हती इथपासून सांगितलं. सर हसले. मार्क किती दिले ते विचारू नका, ठीकठाक होते. पण बाहेर आल्यावर दोघं कँटीनला एकत्र गेले, हे मी पाहिलं.

त्या दोघांत चूक कुणाची होती, यावर आम्ही नंतरही कधी कधी वाद घालतो. माझं मत सांगू? तिची नव्हती, त्याची नव्हती. चूक चौघांची होती. आपण कशावर उभे आहोत ते लिहून ठेवणं हेही प्रोजेक्टचंच काम आहे, हे आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. ते माझ्या रिपोर्टमध्ये असायला हवं होतं. बाइंडिंगनंतर मी एक कागद टाइप केला, दोन्ही खोल्यांच्या याद्या त्यावर छापल्या आणि रिपोर्टच्या शेवटच्या पानाला स्टेपल केला. सोनेरी अक्षरांच्या पुस्तकात तो जरा विजोड दिसतो.

यंदा एका ज्युनिअरने आमचा प्रोजेक्ट पुढे न्यायला मागितला. मी कोड दिला, सोबत त्या याद्या. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला, ‘ताई, पहिल्या झटक्यात चाललं! पण यातल्या लायब्ररी जुन्या आहेत. अपडेट करू का?’

मी लिहिलं, ‘कर की. पण आधी नवी खोली घे.’

प्रोजेक्टच्या पहिल्याच दिवशी एवढं करा

* प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हेन्व्ह करा. उबुंटूच्या २०२३ नंतरच्या व्हर्जनमध्ये थेट पायथॉनमध्ये लायब्ररी टाकायला गेलात तर सिस्टीमच नाही म्हणते. तो नकार टाळायचा जो पर्याय नेटवर सापडतो, त्याचं नावच ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’ आहे. नावातच काय ते समजा.

* नवीन काही टाकलं की लगेच ‘पिप फ्रीज’ची यादी नवी करा आणि कोडसोबत गिटवर ठेवा. व्हेन्व्हचा फोल्डर गिटवर टाकू नका, यादी पुरते.

* इन्स्टॉल झाल्यावर ‘पिप चेक’ द्या. कुणाचं कुणाशी जुळत नाही ते तो सांगतो. आणि लाल ओळी वाचा!

* कोलॅबवर काम करत असाल तर तिथली व्हर्जन आपल्याला न विचारता बदलतात. पहिल्याच सेलमध्ये आपल्याला हवी ती व्हर्जन नेमकी लिहा.

* डेमोच्या आठवडाभर आधी मित्राच्या कोऱ्या लॅपटॉपवर फक्त यादीवरून सगळं उभं करून बघा. तिथे चाललं, तरच चाललं.

* भांडायच्या आधी एकमेकांना एकच विचारा, ‘तुझं व्हर्जन कोणतं?’